पाच कोटींचा बोर्ड दिसतो, ३२९ कोटींचं कोण सांगणार?

संपादक महोदय,

स.न.वि.वि. नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक तोंडावर आलीय, त्याबद्दल लिहितेय. पत्र थोडं लांबलंय. जागा कमी पडली तर विमानतळाचा भाग कापा, आकडे तेवढे ठेवा, ही आधीच विनंती. आकडे कापले तर उरते नुसती किरकिर आणि ती सोलापुरात कुठल्याही चहाच्या टपरीवर फुकट मिळते.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघते. टॅली, जीएसटी, पगारपत्रक, सूतवाल्याची उधारी असलं सगळं. त्यामुळे कुणी आकडा सांगितला की माझं डोकं आपोआप विचारतं की हा कुठल्या खात्यातून आला आणि समोरची एंट्री कुठंय. सध्या घरी इतकी पत्रकं येऊन पडलीत की रद्दीवाला खुश होईल, पण मी टाकली नाहीत, सगळ्या पक्षांची एका फाईलला लावली आणि दिवाळीच्या सुट्टीत बसून नीट वाचली. आमचे अहो हसतात, हसू देत.

तर त्या फाईलमध्ये काय आहे सांगते. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, ओपन जिम, ड्रेनेज लाईन, बोअर, स्मशानभूमीचं कंपाउंड, देवळासमोरचा कट्टा. आत्ताचे आमदार असोत, माजी असोत नाहीतर होऊ घातलेले असोत, यादी तीच, फक्त फोटो वेगळा. एकाही पत्रकात असं लिहिलेलं नाही की मी विधानसभेत अमुक विधेयकावर बोललो, तमुक कायद्यात ही दुरुस्ती सुचवली, या खर्चाला मी हरकत घेतली. एक ओळ नाही. आणि जे पहिल्यांदा उभे राहिलेत त्यांच्याही पत्रकात मी तिथं जाऊन कुठला कायदा मागणार हे नाही. मग हे लोक मुंबईला नेमके कशाला जाणार आहेत, ड्रेनेज लाईन तर इथंच आहे की.

परवा आमच्या गल्लीत प्रचारफेरी आली. हलगी, गुलाल, पोरांच्या हातात झेंडे, मागं रील काढणारा. उमेदवार स्वतः दारात आले, हात जोडले, "ताई लक्ष असू द्या" म्हणाले. मी म्हटलं लक्ष आहे, एकच विचारायचंय, जुलैमध्ये ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या मंजूर झाल्या त्यावर तुमच्या पक्षाचं म्हणणं काय होतं? ते कार्यकर्त्याकडे बघायला लागले, कार्यकर्ता माझ्याकडे. मग म्हणाले, "ताई ते वरच्या लेव्हलचं असतं, तुमची गल्लीची काय अडचण असेल ती सांगा." आणि पुढच्या दाराला गेले. माणूस वाईट नव्हता हो, खरंच त्याला कुणी हे आजवर विचारलंच नसणार. कुठल्या पक्षाचे ते सांगत नाही कारण दुसऱ्या पक्षाच्या फेरीत विचारलं असतं तरी हेच झालं असतं असं मला वाटतं.

आता तो आकडा काय ते सांगते, म्हणजे मी उगाच भाव खाल्ला असं वाटायला नको.

आमदाराला स्थानिक विकास निधी म्हणून वर्षाला ५ कोटी मिळतात, २०२२ च्या बजेटमध्ये ४ चे ५ केले. गल्लीगल्लीत "आमदार निधीतून" असे जे बोर्ड दिसतात ते या पैशातले. आता दुसरीकडे बघा. यंदाचं पावसाळी अधिवेशन २७ जून ते १२ जुलै झालं. त्यात ९ जुलैला, मंगळवारी, सरकारने ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या आणि शुक्रवारी अधिवेशन संपायच्या आत त्या मंजूर झाल्या. पुरवणी म्हणजे बजेट मंजूर झाल्यावर सरकार परत येऊन म्हणतं की एवढे अजून लागतात. बजेट कधी मांडलं होतं तर २८ जूनला. म्हणजे बजेट मांडून दोन आठवडे झाले नाहीत तोवर वरून ही पुरवणी. आमच्या मालकांनी १ तारखेला महिन्याचं बजेट सांगून १२ तारखेला असं केलं तर मी राजीनामा देईन.

मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. ९४,८८९ भागिले २८८ आमदार. एकेकाच्या वाट्याला ३२९ कोटी आले. म्हणजे ज्या आमदाराने ५ कोटींचे बोर्ड शहरभर लावलेत त्याने त्या एका आठवड्यात ३२९ कोटींच्या खर्चाला मान्यता दिली, किंवा विरोधात असेल तर विरोध केला, किंवा सभागृहातच नव्हता. आपल्या जिल्ह्यात ११ मतदारसंघ आहेत, करमाळा माढा बार्शीपासून अक्कलकोट सांगोल्यापर्यंत. ११ जणांचे मिळून ३,६०० कोटींच्या वर होतात. त्याचा बोर्ड कुठं लागला नाही. त्या आठवड्यात चर्चा कसली होती आठवतंय का, विधान परिषदेच्या ११ जागांची. १२ उमेदवार उभे, कोण फुटणार, कुणाची मतं कुणाला, आमदार कुठल्या हॉटेलात मुक्कामाला आहेत. मतदान बरोबर १२ जुलैला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी. पेपर त्याच बातम्यांनी भरले होते, तुमचासुद्धा, राग मानू नका.

आणि बजेटचं म्हणाल तर यंदा दोनदा झालं. लोकसभा होती म्हणून फेब्रुवारीत अंतरिम, तेव्हा महसुली तूट, म्हणजे चालू खर्चाला उत्पन्न कमी पडतं तेवढी रक्कम, ९,७३४ कोटी दाखवली. जूनमध्ये पूर्ण बजेट आलं त्यात तीच तूट २०,०५१ कोटी. चार महिन्यांत दुप्पट. मधे लोकसभेचा निकाल लागला, आणि तो निकाल सत्तेतल्यांना किती झोंबला ते सोलापूर आणि माढा दोन्हीकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. दुप्पट होण्यामागे काय आहे ते पण सगळ्यांना माहितीये, लाडकी बहीण.

इथं मला थांबून एक सांगायचंय, कारण या विषयावर माझ्यासारख्या पगारदार बायका जरा नाक वर करून बोलतात. मला पैसे मिळत नाहीत, आमच्या घरात इन्कम टॅक्स भरला जातो म्हणून. पण आमच्या मागच्या बोळात एक मावशी विड्या वळतात. त्यांना मी हे तुटीचं वगैरे सांगायला गेले. सूप मांडीवर, पानं कापता कापता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई तुमचं कोटीबिटी मला कळत न्हाई. माझ्या खात्यावर साडेसात हजार आले हे खरं हाय का न्हाई? एवढ्या वर्षांत कुणी दिलं होतं का?" खरं आहे, नाही कसं म्हणू. जुलै ते नोव्हेंबरचे पाच हप्ते, शेवटचे दोन तर आचारसंहितेच्या आधीच ऑक्टोबरमध्ये एकदम टाकले. त्यातून त्यांनी नातवाचं दप्तर, चष्मा आणि राहिलेलं दुकानाचं बिल भागवलं. बाईच्या स्वतःच्या खात्यावर पैसे येणं ही लहान गोष्ट नाही आणि ज्या गावात हजारो बायका विड्या वळून घर चालवतात तिथं तर अजिबातच नाही. त्यामुळे योजना बंद करा असं मी म्हणत नाही, कुणी तसं वाचू नये.

पण मावशीला मी अजून एक विचारलं की आता महायुतीवाले म्हणतात २१०० देऊ, आघाडीवाले म्हणतात ३००० देऊ, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, "देतील तेव्हा बघू." अकाउंटच्या भाषेत याला न आलेला पैसा जमेला न धरणं म्हणतात आणि मावशी माझ्यापेक्षा हुशार निघाल्या.

आता हिशोबच करू. सरकारनेच सांगितलंय की १५०० रुपयांप्रमाणे वर्षाला ४६,००० कोटी लागतात. उलटा भागाकार केला तर साधारण अडीच कोटी बायका येतात, म्हणजे आकडा बरोबर आहे. तेवढ्याच बायका धरल्या तर २१०० ने ६४,४०० कोटी होतात आणि ३००० ने ९२,००० कोटी. राज्याचं यंदाचं सगळं बजेट ६,१२,२९३ कोटींचं आहे आणि डोक्यावर कर्ज ७.८ लाख कोटींच्या आसपास. महायुतीने ५ तारखेला कोल्हापुरात दहा वचनं दिली, २१०० त्यातलं पहिलं, पुढं कर्जमाफी, शेतकऱ्याला वर्षाला १५,०००, वीजबिलात ३० टक्के कपात. दुसऱ्याच दिवशी मुंबईत आघाडीने पाच गॅरंट्या दिल्या, ३०००, बायकांना एसटी फुकट, ३ लाखांपर्यंत कर्जमाफी, बेरोजगारांना महिना ४,०००, २५ लाखांचा आरोग्य विमा. दोन्हीकडच्या यादीत "पैसे कुठून" ही ओळ शोधून शोधून मी दमले. टॅक्स वाढवणार का, कुठली योजना बंद करणार, की अजून कर्ज काढणार, जे काय करणार ते सांगा ना. वीजबिल कमी होणार म्हटल्यावर आमच्या यंत्रमागवाल्यांचं तोंड गोड होतं, पण महावितरणला ते पैसे कोण देणार?

बरं हे सांगणं ऐच्छिक आहे असं पण नाही. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये तमिळनाडूच्या टीव्ही-मिक्सर वाटपाच्या केसमध्ये निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यांसाठी नियम करायला सांगितलं. आयोगाने ते आचारसंहितेत घातले, त्यात स्पष्ट आहे की आश्वासनामागचं कारण आणि त्याला पैसा कुठून येणार हे ढोबळमानाने तरी जाहीरनाम्यात दिसलं पाहिजे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आयोगाने पक्षांना पत्र लिहून ठरावीक नमुन्यात खर्चाची माहिती द्यायचा प्रस्तावही मांडला होता. पुढं काय झालं तर आपल्यासमोर आहेच. गंमत बघा, आचारसंहिता म्हटली की पंढरपुरात यंदा कार्तिकीची शासकीय महापूजा उपमुख्यमंत्र्यांच्या ऐवजी विभागीय आयुक्तांनी केली, विठ्ठलाच्या दारात नियम पाळला गेला. चौकातल्या बॅनरवर कागद चिकटवले, कोनशिला झाकल्या. जाहीरनाम्याच्या कलमाकडं मात्र कुणी ढुंकून बघत नाही.

जुन्या लोकांना २००४ आठवत असेल. तेव्हा मुख्यमंत्री आपले सोलापूरचेच, सुशीलकुमार शिंदे, ज्यांनी अर्थमंत्री म्हणून नऊ बजेट मांडली होती, म्हणजे हिशोब न कळणारा माणूस नव्हे. विधानसभा तोंडावर आली आणि शेतीपंपाला मोफत वीज जाहीर झाली. माझे मामा मोहोळ तालुक्यात शेती करतात, ते अजून सांगतात की त्या वेळी गावात पेढे वाटले होते. निवडणूक झाली, सरकार तेच आलं, मुख्यमंत्री विलासराव झाले, आणि २००५ मध्ये मोफत वीज बंद. परवडत नाही हे निवडणुकीनंतर कळलं. आता २०२४ मध्ये पुन्हा, साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला मोफत वीज, जीआर जुलैचा, मुदत पाच वर्षं, वर्षाचा खर्च चौदा हजार कोटींच्या वर. वीस वर्षांनी, दुसरे पक्ष, तीच योजना. मामा या वेळी पेढे वाटणार नाहीत म्हणाले, आधी मार्च २०२९ येऊ दे म्हणाले.

कायद्यांचं पण तेच. मराठा आरक्षणाचं बघा, मी स्वतः मराठा आहे, माझी पोरगी बारावीला आहे, त्यामुळे मला हा विषय पेपरातला नाही, घरातला आहे. २०१४ मध्ये विधानसभेच्या आधी जुलैत वटहुकूम काढून १६ टक्के दिलं, नोव्हेंबरमध्ये हायकोर्टाची स्थगिती. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये कायदा केला, पुढच्या वर्षी निवडणुका, मे २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. यंदा २० फेब्रुवारीला एक दिवसाचं खास अधिवेशन, सकाळी मांडलं आणि त्याच दिवशी मंजूर, १० टक्के. मागासवर्ग आयोगाचा अहवाल सरकारच्या हातात पडून चारच दिवस झाले होते. तो अहवाल सभागृहातल्या किती जणांनी वाचला असेल? कोर्टात वकील ज्या पानांवरून भांडणार ती पानं आमदारांनी वाचलेली नसतील तर कायदा टिकणार कसा, आणि टिकला नाही तर माझ्या पोरीने कुठल्या कॅटेगरीतून फॉर्म भरायचा? सगळ्यांनी एकमताने हात वर केला, कारण निवडणुकीच्या वर्षात "जरा थांबा, नीट करू" म्हणायची कुणाची टाप नसते. धनगर समाजाच्या एसटी (अनुसूचित जमाती) आरक्षणाच्या मागणीचं पण दर निवडणुकीला असंच होतं, पंढरपुरात सप्टेंबरमध्ये उपोषणं झाली, मंत्रालयात आदिवासी आमदारांनी जाळीवर उड्या मारल्या, आणि शेवटी दोन्ही समाज आहेत तिथंच.

आता माझ्या गल्लीवर येते, कारण तो उमेदवार म्हणाला ना, गल्लीची अडचण सांगा. गल्लीची अडचण ही की आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली तेव्हाही तसंच, ऑगस्टमध्ये धरण भरून नदीत पाणी सोडलं तेव्हाही तसंच, आणि समांतर जलवाहिनीचं नाव तर ऐकून ऐकून कान किटले. हे विचारायचं कुणाला? नगरसेवकाला. नगरसेवक कुठंय? नाहीये. महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली, तेव्हापासून प्रशासक. झेडपीचं पण तसंच. अडीच वर्षांवर झाली, आज नोव्हेंबर २०२४ मध्ये या शहरात एकही निवडून आलेला नगरसेवक नाही.

आणि हे का झालं? ओबीसी आरक्षणाचा घोळ होता हे खरं, पण त्यावर कळस विधानसभेने केला. मार्च २०२२ मध्ये आघाडी सरकार असताना विधिमंडळाने कायदा करून प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेतला, सगळ्यांनी मिळून. मग जूनमध्ये सरकार बदललं आणि ऑगस्टमध्ये नव्या सरकारने आधीच्यांनी वाढवलेली नगरसेवकांची संख्या आणि रचना फिरवून पूर्वीसारखी केली. त्यावर लोक सुप्रीम कोर्टात गेले, "जैसे थे" आलं आणि अजून जैसे थेच आहे. म्हणजे माझ्या नळावर दोन कायदे बसलेत आणि ते दोन्ही मुंबईत झालेत. त्या वेळी आपले आमदार तिथं होते, या बाजूचे पण आणि त्या बाजूचे पण. आज तेच लोक माझ्या दारात येऊन सांगतात की ताई तुमच्या गल्लीत ड्रेनेज मी करून देतो. नगरसेवकाची जागा रिकामी ठेवायची आणि मग नगरसेवकाचं काम केल्याबद्दल आमदारकीचं मत मागायचं, ही युक्ती कुणी ठरवून केली असेल असं म्हणत नाही, पण चालतेय छान.

विमानतळाबद्दल थोडंसं. होटगी रोडचं विमानतळ २९ सप्टेंबरला पंतप्रधानांनी ऑनलाईन उद्घाटन केलं. मागच्या वर्षी १५ जूनला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या आड येते म्हणून पाडली ती याच्यासाठीच, त्यावरून गाव कसं दोन भागात वाटलं गेलं होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. आता उद्घाटन झालंय, पण नोव्हेंबर २०२४ उजाडला तरी विमान अजून नाही. पत्रकांत मात्र विमान तीन-तीन उमेदवारांनी आणलंय.

याच्यापेक्षा महत्त्वाचं एक सांगायचं राहिलं. जुलैमध्ये अधिवेशन संपायच्या आदल्या दिवशी, ११ तारखेला, सरकारने विशेष जनसुरक्षा विधेयक मांडलं. संघटना बेकायदेशीर ठरवायचा अधिकार त्यात सरकारला आहे, शहरी नक्षलवाद रोखायला हवंय असं सरकारचं म्हणणं. ते मंजूर झालं नाही, आता विधानसभेची मुदत संपली की ते विधेयक आपोआप बाद होईल आणि आणायचं असेल तर नव्या विधानसभेत पहिल्यापासून मांडावं लागेल. म्हणजे आपण येत्या बुधवारी ज्यांना निवडून देणार तेच त्याच्यावर हात वर करणार किंवा करणार नाहीत. कायदा हवा की नको यावर माझं मत अजून पक्कं नाही, दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं. पण सोलापूर हे युनियनचं गाव आहे. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, मोर्चा निघाला नाही असा महिना जात नाही. १९३० ला मार्शल लॉ इथं लागला होता, ज्या चार स्वातंत्र्यसैनिकांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं त्यांचे पुतळे भर चौकात आहेत आणि त्यांना हार घातल्याशिवाय एकाचाही प्रचार सुरू होत नाही. मग हार घालणाऱ्याला विचारायला नको का की साहेब, ते विधेयक परत आलं तर तुम्ही काय करणार? मला तर वाटतं की या घडीला जिल्ह्यातल्या उमेदवारांना विचारण्यासारखा हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे, कारण याचं उत्तर अजून घडायचंय.

काही जण म्हणतील की पक्षाचा व्हिप असतो, आमदाराच्या हातात काय, पक्ष सांगेल तिकडं मत नाही दिलं तर आमदारकी जाते. बरोबर आहे, १९८५ पासून पक्षांतरबंदीचा कायदा आहे (त्याचं गेल्या दोन-तीन वर्षांत काय लोणचं झालं ते सोडा). पण व्हिप मत द्यायला असतो, बोलायला आणि प्रश्न विचारायला कुणी अडवत नाही. पक्षाच्या बैठकीत तोंड उघडायला अडवत नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले, पक्ष केवढा तर एवढुसा, सत्ता जवळजवळ कधीच नाही, तरी दुष्काळी भागाच्या पाण्यावर ते सभागृहात उभे राहिले की मंत्री गप्प बसून ऐकायचे असं जुने पत्रकार सांगतात. त्यांच्या नावाने मतं मागणारे जिल्ह्यात पुष्कळ आहेत.

तर संपादक महोदय, तुमच्याकडे मागणं काय. गेले पंधरा दिवस तुमच्या पेपरचं पहिलं पान उघडलं की पूर्ण पान जाहिरात, दुसरं उघडलं की परत जाहिरात, खरा पेपर तिसऱ्या पानापासून. तुमचाही धंदा आहे, कागद महागलाय, समजतं मला. उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख आहे आणि एवढ्या जाहिराती त्यात कशा बसतात ते मला अजून कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये बसवता आलेलं नाही, पक्षाच्या नावाने दाखवत असतील. पण मंगळवारी पंतप्रधानांची सभा झाली तेव्हा तुम्ही चार पानं दिली, कोण कुठं बसलं, कुणाला स्टेजवर घेतलं नाही, फेटा कुठल्या रंगाचा. माझं म्हणणं आहे की १८ तारखेला संध्याकाळी प्रचार थांबायच्या आत एक पान, एकच पान, असं द्या की जिल्ह्यातल्या ११ मतदारसंघातल्या मुख्य उमेदवारांना तुमचे वार्ताहर तीन प्रश्न विचारतील आणि जे उत्तर येईल ते जसंच्या तसं छापतील. जनसुरक्षा विधेयक परत आलं तर तुमची भूमिका काय? तुमच्या पक्षाने जी रक्कम जाहीर केलीय ती कुठल्या पैशातून, टॅक्स, कर्ज की दुसरी योजना बंद करून? आणि महापालिका-झेडपीची निवडणूक लवकर व्हावी म्हणून तुम्ही विधानसभेत नेमकं काय मागणार? जे आत्ता आमदार आहेत त्यांना चौथा, की जुलैच्या त्या मंगळवार ते शुक्रवारात तुम्ही सभागृहात काय बोललात. ज्याने उत्तर दिलं नाही त्याच्या नावापुढं जागा कोरी सोडा. त्या कोऱ्या जागेचा जाहिरातीचा रेट मी लावून बघितला, तुमचं नुकसान होईल हे मान्य, पण एका दिवसाचं सोसा.

आणि निवडून कोणीही येवो, हिवाळी अधिवेशन नागपूरला होईल, तिथं परत पुरवणी मागण्या येतील, आल्याशिवाय राहणार नाहीत कारण २१०० असो की ३०००, जूनच्या बजेटमध्ये दोन्हीची तरतूद नाही. त्या वेळी तुमचा वार्ताहर नागपुरात असेलच. हुरड्याच्या आणि संत्र्याच्या बातम्यांमधून वेळ काढून त्याने एवढंच कळवावं की मागण्या किती कोटींच्या, चर्चा किती तास, आणि सोलापूर जिल्ह्यातून कोण कोण बोललं. मी ते कात्रण त्याच फाईलला लावीन, पत्रकांच्या शेजारी. मावशींनी पण सांगितलंय की ३००० आले की २१०० आले ते मला वाचून दाखव म्हणून.

आपली,
एक वाचक,
अशोक चौक परिसर, सोलापूर

ता.क. नाव छापू नका. कारखान्यात सगळ्या पक्षांची माणसं आहेत आणि मला महिनाअखेरीला त्यांचे पगार काढायचेत.